आखातातील नोकरी : निघण्यापूर्वीचा हिशेब

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतून आखाती देशांत कामाला जाणारा माणूस बहुधा कारागीर असतो. कोणी दर्जी, कोणी गवंडी, कोणी वायरमन, सुतार, प्लंबर, ए.सी. मेकॅनिक किंवा ड्रायव्हर. हातात हुन्नर असतो, घरी भांडवल नसते. म्हणून तो कर्ज काढून जातो. जाताना त्याला सगळे एकच प्रश्न विचारतात, "पगार किती?" विचारायला हवा तो प्रश्न दुसराच आहे. दोन वर्षांचा करार संपेल तेव्हा हातात काय उरेल?

व्यापारी बांधवांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. इतवाऱ्यात काय किंवा गंजगोलाईत काय, गल्ल्यात किती आले यावरून कोणी नफा मोजत नाही. माल किती किमतीला पडला, भाडे किती गेले, उधारी किती बुडाली हे वजा केल्यावर जे उरते तो नफा. परदेशी नोकरी हाही एक सौदाच आहे. त्यात माल म्हणजे आपल्या वयाची दोन-चार वर्षे. असा माल पुन्हा भरता येत नाही.

आपल्या भागाची अडचण

देवगिरी एक्सप्रेस नांदेडहून एका बाजूला मुंबईला जाते, दुसऱ्या बाजूला निजामाबादमार्गे सिकंदराबादला. आखाताकडे जाणारे आपले दोन दरवाजे हेच. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे हैदराबादशी सोयरीक आणि व्यापार दोन्ही जुने आहेत. देगलूर, बिलोलीच्या पलीकडे लागून असलेला निजामाबाद जिल्हा आणि पुढचे करीमनगर, जगतियाल हे भाग आखातात मजूर पाठविण्यासाठी प्रसिद्ध आहेत. इकडे कोकणात रत्नागिरी, रायगडच्या मुस्लिम घरांतही तिसरी पिढी आखातात आहे.

या भागांत जाणाऱ्याला आधी गेलेला चुलता, मामा किंवा शेजारी सांगायला असतो. कंपनी कशी, खोली कशी, पगार वेळेवर होतो की नाही, हे त्याला निघण्यापूर्वी कळते. केरळात तर सरकारचीच 'नोर्का' ही यंत्रणा आहे, आणि तेलंगणात परदेशी नोकरभरतीसाठी सरकारी कंपनी आहे. आपल्याकडे सांगणाऱ्या नातेवाइकांची साखळी आखूड आहे. त्या रिकाम्या जागेत दलाल येऊन बसतो. आपले बहुतेक नुकसान तिथेच होते.

आकडे मांडून पाहू

एक नमुन्याचा हिशेब घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, ज्याने त्याने आपले घालून पाहावेत.

एका दर्ज्याला सौदीत १५०० रियाल पगार ठरला. राहण्याची सोय कंपनीची. जेवणाला ३५० आणि फोन, साबण, औषधपाणी यांना १५० गेले तर महिना १००० रियाल घरी येतील. रियालचा भाव २२ रुपये धरला तर २२ हजार रुपये. घरखर्चाला १२ हजार लागले तर उरले १० हजार.

आता समजा, दलालाला देण्यासाठी त्याने सावकाराकडून १ लाख २० हजार रुपये शेकडा ३ रुपये महिन्याने घेतले. पहिल्या महिन्याचे व्याजच ३६०० रुपये झाले. उरलेले १० हजार दरमहा त्यातच भरत गेला तरी कर्ज फिटायला १५ महिने लागतील. २४ महिन्यांच्या करारात ९ महिने त्याचे स्वतःचे राहिले. शिल्लक ९० हजार.

हाच माणूस नांदेडला राहून महिना १६ हजार मिळवीत होता आणि १३ हजार खर्चून ३ हजार वाचवीत होता, असे धरा. दोन वर्षांत ७२ हजार झाले असते. म्हणजे बायकामुलांपासून दोन वर्षे दूर राहण्याची कमाई १८ हजार रुपये!

तोच माणूस कायदेशीर मार्गाने, सगळा खर्च मिळून ५० हजारांत गेला असता तर कर्ज साडेपाच महिन्यांत फिटले असते आणि शिल्लक १ लाख ८५ हजार झाली असती. पगार तोच, कंपनी तीच, शिवणयंत्रही तेच. फरक पडला तो निघण्यापूर्वी, दलालाच्या ओट्यावर.

यात आणखी एक रक्कम येते, तिची पुष्कळांना खबर नसते. सौदीच्या कामगार कायद्याप्रमाणे नोकरी संपल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला अर्ध्या महिन्याचा आणि त्यापुढे दर वर्षाला पूर्ण महिन्याचा पगार मिळतो. संयुक्त अरब अमिरातीत पहिल्या पाच वर्षांना २१ दिवसांचा आणि पुढे ३० दिवसांचा मूळ पगार देण्याचा नियम आहे. वरच्या हिशेबात करार पूर्ण केल्यास १५०० रियाल, म्हणजे ३३ हजार रुपये होतात. सौदीत मध्येच राजीनामा दिला तर हा हक्क कमी होतो आणि दोन वर्षांच्या आत दिला तर काहीच मिळत नाही. हिशेब न घेता विमानात बसणारा ही रक्कम तिथेच सोडून येतो.

नावाचा घोळ

कागदपत्रांत आपल्या लोकांचे सर्वांत मोठे दुखणे नावाचे आहे. मराठवाड्यात नाव लिहिण्याची रीत अशी की आधी शेख किंवा सय्यद, मग स्वतःचे नाव, पुन्हा शेख किंवा सय्यद आणि शेवटी वडिलांचे नाव. शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरे, रेशन कार्डावर तिसरेच. उर्दूत शेख एकाच रीतीने लिहिला जातो, पण इंग्रजीत त्याची स्पेलिंगे चार होतात. मोहम्मदची तर त्याहून जास्त.

पासपोर्टवर आडनाव आणि नाव असे दोन रकाने असतात. आडनावाचा रकाना कोरा ठेवून सगळे नाव एकाच रकान्यात घातले की पुढे अडचण येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्दाचे नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश बंद केला. नंतर पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असल्यास सवलत मिळाली. म्हणून पासपोर्ट काढण्यापूर्वी दाखला, आधार आणि पॅन यांवरील नाव अक्षरन् अक्षर एक करून घ्यावे. बायकोचे नाव, निकाहनामा आणि मुलांचे जन्मदाखलेही त्याच नावाशी जुळले पाहिजेत. पुढे कुटुंबाचा व्हिसा काढायचा असो किंवा विम्याची रक्कम घ्यायची असो, हेच कागद मागितले जातात.

दुसरी गोष्ट दहावीची. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ई.सी.आर.' असा शिक्का येतो. अशा माणसाला सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, मलेशिया धरून १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी घ्यावी लागते. दहावी पास झालेल्याला ती लागत नाही. दहावी उर्दू माध्यमातून केली की मराठी, याने फरक पडत नाही. बोर्डाचे प्रमाणपत्र पुरेसे आहे. तेव्हा ज्या मुलाची दहावी एखाद्या विषयावर अडली असेल त्याने आधी तो विषय सोडवावा. मात्र हा शिक्का म्हणजे कमीपणा नव्हे. त्या परवानगीच्या निमित्ताने करार सरकारी दप्तरी नोंदला जातो, हा फायदाच आहे.

एजंट कोण आणि दलाल कोण

परदेशी नोकरभरतीसाठी १९८३ साली 'उत्प्रवास कायदा' झाला. त्याप्रमाणे भरती करणाऱ्या एजंटाला केंद्र सरकारचा परवाना लागतो. पूर्ण परवान्यासाठी त्याला ५० लाख रुपयांची बँक हमी ठेवावी लागते, म्हणजे त्याने दगा दिला तर वसुलीला काही जागा राहते. कामगाराकडून तो जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरील जी.एस.टी. घेऊ शकतो. १८ टक्क्यांनी हे ३५,४०० रुपये झाले. पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. अमिराती आणि कतार येथील कायद्याप्रमाणे तर भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो.

मोहल्ल्यात फिरणारा, चहा पाजणारा, "व्हिसा माझ्या खिशात आहे" म्हणणारा माणूस हा एजंट नव्हे. तो त्याचा हस्तक. कायद्यात उप-एजंट नावाची वस्तू नाही. त्याच्या हाती दिलेल्या रोख रकमेला कोणी वाली नाही. एका कारागिराने असेच पैसे दिले. पासपोर्टही देऊन टाकला आणि मुंबईत मुसाफिरखान्यात पडून राहिला. पैसे गेले ते गेलेच, पासपोर्ट सोडवून घ्यायला वेगळे द्यावे लागले.

खात्री करून घेणे अवघड नाही. सरकारच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर परवानाधारक एजंटांची नावे, परवाना क्रमांक आणि मुदत दिलेली असते. ज्याला कॉम्प्युटर जमत नाही त्याने कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून पाहून घ्यावे. मुंबई आणि हैदराबाद या दोन्ही ठिकाणी 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'ची सरकारी कार्यालये आहेत, तिथे चौकशी आणि तक्रार दोन्ही करता येते.

याच कायद्याखाली 'प्रवासी भारतीय बीमा योजना' आहे. ई.सी.आर. पासपोर्टवर जाणाऱ्याला हा विमा सक्तीचा आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि तीन वर्षांचा ३७५ रुपये, अधिक कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये मिळतात. पॉलिसीची प्रत बायकोजवळ किंवा वडिलांजवळ ठेवावी. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून अधिक भारतीय मरण पावले. अशा वेळी घरच्यांना कागद सापडला नाही तर ते कोणाच्या दारी जाणार?

'आझाद' व्हिसा

बाजारात सर्वांत महाग विकला जातो तो 'आझाद व्हिसा'. कफीलाला वर्षाला ठरावीक रक्कम द्यायची आणि काम कुठेही करायचे, असे सांगितले जाते. असा कोणताही व्हिसा कोणत्याही आखाती देशाच्या कायद्यात नाही. इकामा ज्याच्या नावावर, काम त्याच्याकडेच करावे लागते. दुसऱ्याकडे काम करताना पकडला गेला तर दंड, कैद आणि हद्दपारी. कफीलाने 'हुरूब', म्हणजे पळून गेल्याची नोंद केली तर पगार मागण्याचीही सोय राहत नाही. नाव आझाद, आणि माणूस सर्वांत जास्त बांधलेला.

हीच गोष्ट व्हिजिट व्हिसाची. ई.सी.आर. परवानगी टाळण्यासाठी दलाल माणसाला फिरायला जात असल्याचे दाखवून दुबईला पाठवतो आणि तिथे नोकरी लागेल म्हणून सांगतो. त्याचा करार कुठे नोंदलेला नसतो आणि विमाही नसतो.

अलीकडे कायदे कामगाराच्या बाजूने थोडे बदलले आहेत, तेही माहीत असावेत. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली आणि मार्च २०२१ पासून किमान १००० रियाल मूळ पगार ठरविला. मालक राहण्या-जेवण्याची सोय करीत नसेल तर राहण्याचे ५०० आणि जेवणाचे ३०० वेगळे. सौदीने १४ मार्च २०२१ पासून नोकरी बदलणे आणि सुट्टीवर जाणे काही अटींवर सोपे केले. पण घरातील ड्रायव्हर आणि घरकाम करणारे त्या सुधारणेतून वगळले गेले. म्हणून 'हाऊस ड्रायव्हर'च्या व्हिसावर जाणाऱ्याने कंपनीतील ड्रायव्हरचे हक्क आपल्यालाही आहेत असे समजू नये.

तिथले राहणे

पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात तीन कामे करावीत. सही केलेल्या कराराची प्रत आपल्याजवळ ठेवावी, इकामा किंवा रहिवासी कार्ड झाले का याचा पाठपुरावा करावा आणि पगार बँक खात्यात जमा होतो का ते पाहावे. अमिरातीत २००९ पासून, सौदीत २०१३ पासून आणि कतारमध्ये २०१५ पासून पगार बँकेमार्फत देण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. खात्यातील नोंद हाच पुढे तक्रारीचा पुरावा असतो. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे या तिन्ही देशांत कायद्याविरुद्ध आहे. तरीही तो ठेवून घेतला जातो. निदान त्याची छायाप्रत घरी आणि मोबाइलमध्ये असावी.

उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, भर दुपारी उघड्यावर काम करून घेण्यास सौदी आणि अमिरातीत बंदी आहे. सौदीत १२ ते ३ आणि अमिरातीत साडेबारा ते ३. आपल्याकडच्या मे महिन्याची सवय असलेल्यानेही तिथल्या दमट उन्हाला हलके लेखू नये.

काही गोष्टी आपल्याकडे साध्या, तिकडे गुन्हा. आई प्रेमाने खसखस घातलेले लाडू किंवा मसाला बांधून देते. अमिराती आणि सौदीत खसखस अमली पदार्थांत धरली जाते. खोकल्याची आणि दुखण्याची काही औषधेही तशीच, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी आणि परवानगीशिवाय गोळ्या नेऊ नयेत. गावच्या मशिदीसाठी किंवा मदरशासाठी खोल्या-खोल्यांतून वर्गणी गोळा करणे आपल्याला पुण्याचे वाटते. तिथे परवान्याशिवाय वर्गणी घेणे गुन्हा आहे. मोबाइलवर आलेला भडक मजकूर पुढे पाठविल्यानेही लोक तुरुंगात गेले आहेत.

कुटुंब नेण्याचा विचार चांगला, पण तोही आकड्यांवर तपासावा. अमिरातीत महिना ४००० दिरहम, किंवा ३००० दिरहम आणि राहण्याची जागा असेल तर कुटुंबाचा व्हिसा मागता येतो. परवानगी मिळाली तरी भाडे आणि शाळेची फी परवडेलच असे नाही. सौदीने जुलै २०१७ पासून कुटुंबातील प्रत्येक अवलंबितामागे महिना १०० रियाल कर लावला आणि तो दर वर्षी १०० ने वाढवीत जुलै २०२० पर्यंत ४०० वर नेला. बायको आणि दोन मुले असतील तर महिना १२०० रियाल. वीस-वीस वर्षे तिथे राहिलेल्या घरांनी त्या काळात बायकामुलांना परत पाठविले.

इथेच मूळ मुद्दा येतो. आखातात कामगार 'स्थायिक' होत नाही. अमेरिका, इंग्लंडला गेलेल्यास पुढे नागरिकत्वाची वाट असते. इथे नोकरी आहे तोवर इकामा, इकामा आहे तोवर मुक्काम. २०११ पासून सौदीच्या 'निताकात' धोरणाने अनेक कामे स्थानिकांसाठी राखली गेली. हे मनाशी पक्के असेल तर माणूस तिथे सोफा-पलंगावर पैसे घालीत नाही.

पैसा घरी पाठविताना

सौदी रियाल डॉलरला ३.७५ आणि दिरहम ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. म्हणून रुपया डॉलरसमोर घसरला की घरी जास्त रुपये येतात. पण भाव वाढण्याची वाट पाहत पैसे अडवून ठेवणे आणि इकडे सावकाराला शेकडा ३ देणे हा तोट्याचा धंदा आहे. आधी कर्ज फेडावे.

हुंडी-हवाल्याने दोन पैसे जास्त मिळतात, पण तो मार्ग बेकायदेशीर आहे आणि रक्कम बुडाली तर फिर्याद करता येत नाही. शिवाय बँकेतून आलेल्या पैशाचा दाखला राहतो. उद्या प्लॉट किंवा दुकान घेताना "पैसा कुठून आणला?" या प्रश्नाचे तेच उत्तर असते. नोकरीला परदेशी गेल्यावर इथले साधे बचत खाते 'एन.आर.ओ.' करून घ्यावे आणि तिकडच्या कमाईसाठी 'एन.आर.ई.' खाते काढावे, असा नियम आहे.

पैसा भावाच्या किंवा मेहुण्याच्या खात्यावर पाठविण्याची आपल्यात रीत आहे. विश्वास असावाच, पण लिहून ठेवण्यात विश्वासाला बाधा येत नाही. देणे-घेणे लिहून ठेवण्याची आपल्याला ताकीदच आहे. बायकोला महिन्याच्या खर्चाचे वेगळे खाते द्यावे. जमीन घ्यायची तर स्वतःच्या नावावर घ्यावी. मुख्त्यारपत्र द्यावे लागले तर एका कामापुरतेच द्यावे, सरसकट देऊ नये. परत आल्यावर भावाभावांत कोर्टकचेरी होते ती बहुधा याच एका गोष्टीवरून.

सगळी बचत तिकडेच ठेवू नये. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर हल्ला केला तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना मायदेशी आणावे लागले. २०२० च्या कोरोनात सरकारला 'वंदे भारत' मोहिमेखाली पुन्हा विमाने पाठवावी लागली. दोन्ही वेळा माणूस हातातल्या पिशवीसह परतला. जे आधीच घरी पोहोचले होते तेवढेच त्याचे राहिले.

परतीची तयारी जाण्याच्या दिवशी

जाणाऱ्याने आपला धंदा मोडून जाऊ नये. शिवणयंत्र विकू नये, अवजारे वाटून टाकू नयेत, दुकानाची जागा जमल्यास भावाकडे किंवा शागिर्दाकडे चालती ठेवावी. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाला लागले की परत आणणे कठीण, हे आपण सारे जाणतो. तिकडे राहून नवे काम शिकता आले तर शिकावे. आखातात मोठ्या ए.सी. यंत्रांवर काम केलेला मेकॅनिक किंवा कारखान्यात कटिंग मास्टर झालेला दर्जी लातूरला परतला तर त्याला काम शोधावे लागणार नाही.

निघतानाच एक आकडा आणि एक तारीख ठरवावी. इतकी शिल्लक झाली, किंवा हे वर्ष उजाडले, की परत यायचे. आकडा बहिणीच्या लग्नाचा असो, घराचा असो किंवा दुकानाच्या पागडीचा, तो घरच्यांनाही सांगून ठेवावा. नाहीतर एक करार संपतो, दुसरा सुरू होतो, घरचा खर्च आलेल्या पैशाइतका वाढत जातो आणि पन्नाशीला माणूस मधुमेह घेऊन रिकाम्या हाताने परततो.

ज्यांचे नातेवाईक किंवा शागिर्द जाण्याच्या तयारीत आहेत त्या व्यापारी बांधवांनी एवढे करावे. त्याला दुकानात बसवून घ्यावे, कागद-पेन्सिल घेऊन वरचा हिशेब त्याच्याच आकड्यांनी मांडावा आणि एजंटाचा परवाना तपासून द्यावा. जमल्यास सावकाराऐवजी बिनव्याजी हातउसने द्यावेत. ५० हजारांची ही मदत त्याचे व्याज वाचवू शकते. आणि शिल्लक घेऊन परतलेला कारागीर पुन्हा आपल्याच बाजारात दुकान मांडतो.